पोटात घालायचं म्हणजे नेमकं काय घालायचं?

यावेळचं पत्र एका ताईंचं आहे, माहेर चोपडा तालुक्यात, सासर धुळ्याला. नाव-गाव अर्थातच देत नाही, एकदोन खुणाही मुद्दाम बदलल्यात.

पत्रातली गोष्ट थोडक्यात अशी. वडील जाऊन तीन वर्षं झाली. मागे आई, एक मोठा भाऊ, एक धाकटा आणि मधल्या ह्या. आठ एकर रान, निम्म्यात केळी, निम्म्यात कापूस. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी बोलावलं, खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला, आणि जेवणं उरकल्यावर मोठ्या भावाने प्लास्टिकच्या फाइलमधून हक्कसोडपत्राचा ड्राफ्ट काढून पुढ्यात ठेवला. आधी कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. ताई गप्प झाल्या तसं तो म्हणाला, बरं, तुझं मन नको मोडायला, नाल्याकडचे पंधरा गुंठे राहू दे तुझ्या नावावर. ताईंच्या मुलीने तिथेच बसून फोनवर सातबारा उघडला तर पोटखराब, म्हणजे लागवडीला न धरलेल्या, क्षेत्राच्या पुढे ०.१५ हेक्टर, साधारण पंधरा गुंठेच, लिहिलेलं. म्हणजे नेमका तोच तुकडा. सही न करता त्या परत निघाल्या तेव्हा आई दारात एवढंच बोलली, "पोटमा घाल वं माय, भाऊच शेतस तुना." आता धाकटा भाऊ फोन उचलत नाही, आणि मोठ्या वहिनींचा मेसेज आलाय की आमच्या पोटावर पाय देऊ नका. ताई विचारतात, "मी सही केली नाही म्हणजे मी पोटात घातलं नाही असंच ना? पोटात घालणं म्हणजे माफ करणं की गप्प बसणं? आई मला वाईट का सांगेल?"

ताई, तुमच्या ह्या एका पत्रात पोट तीन ठिकाणी आलंय बघा, आईच्या तोंडी, वहिनींच्या मेसेजात आणि सातबाऱ्यावर. तिन्ही जागी अर्थ वेगळा आहे आणि मला वाटतं तुमची निम्मी झोप ह्या तीन अर्थांचा गुंता झाल्यामुळे उडालीय. उरलेली निम्मी जमिनीमुळे, तिच्याकडे पण येते, पण आधी आईचं वाक्य सोडवू, कारण तेच तुम्हाला जास्त टोचतंय.

पोटात घाला हे कोण म्हणतं, कधी म्हणतं, ते आठवून बघा. लग्न उरकलं, मुलीची पाठवणी झाली, गाडी निघायच्या आधी मुलीचा बाप व्याह्यांपुढे जातो, हात जोडतो आणि म्हणतो, आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल, चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. मानपानात काही राहिलं असेल, कोणाला पत्रावळ उशिरा मिळाली असेल, टोपी-उपरण्यात कोणी सुटला असेल, ते सगळं तो स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि मग मागतो. म्हणजे हा शब्दप्रयोग मुळात ज्याच्या हातून चुकलं त्याच्या तोंडचा आहे. ज्याचं चुकलं तो म्हणतो, ज्याला लागलं त्याने घालायचं. व्याह्यानेच उलट मुलीच्या बापाला सांगितलं की तुम्हीच पोटात घाला, तर मांडवात भांडण लागेल.

आता हेच तुमच्या घरात लावा. भाऊ चुकलं म्हणाला का? नाही. धाकटा म्हणाला का? तो तर फोनच उचलत नाही. म्हणाली फक्त आई, आणि तीही त्यांच्या वतीने. पण तिने शब्द कोणता वापरला ते बघा. ती "त्यांचं बरोबर शे" असं म्हणाली नाही, "सही कर" असंही म्हणाली नाही. पोटात घाल म्हणाली. पोटात चूकच घालतात हो, अपराध घालतात, बरोबर वागणं कोणी कोणाच्या पोटात घालत नाही. म्हणजे जे पोरं बोलली नाहीत ते आई दारात उभी राहून बोलून गेली, की माझ्या पोरांचं चुकलंय. तुम्ही त्या वाक्याकडे हुकूम म्हणून बघताय, मला त्यात आधी कबुली दिसते.

आणि तुम्ही विचारलंत की गप्प बसणं म्हणजे पोटात घालणं का, तर त्याला मराठीत दुसरा शब्द आहे, पोटात ठेवणं. गुपित पोटात ठेवतात, ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याला कोणी काही सांगत नाही, आणि ओठात एक पोटात एक असलेला माणूस तर सगळ्या गल्लीला माहीत असतो. ठेवलेली गोष्ट आतच असते, जशीच्या तशी, कधीतरी बाहेर येते, बहुतेक वेळा कोणाच्या तरी लग्नात. घातलेली चूक मात्र संपलेली असते, तिचा हिशोब मिटलेला असतो. तुम्ही रागात सही केली असती तर ते पोटात ठेवणं झालं असतं, वर आणि ते कागदावर कायमचं. म्हणजे सही करून पोटात न घालणारे लोक असतात (मी पाहिलेत, वीस वर्षांनी पण "मी तेव्हा सोडून दिलं" हे प्रत्येक आखाजीला ऐकवतात) आणि सही न करता भावाची फाइल मनापासून विसरून जाणारेही असतात. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढं जरी तुम्हाला पटलं तरी आजची झोप लागेल.

मराठीने ह्या पोटावर किती काम टाकलंय बघा. मन आहे, काळीज आहे, तरी भीतीचा गोळा येतो पोटात, पोरगं पडलं की कालवतं पोटात, दुसऱ्याचं बरं झालं की दुखतंही पोटातच आणि त्याला पोटशूळ म्हणतात. तळमळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो. लाडीगोडी लावून गुपित काढून घेणारा पोटात शिरतो. लेकराला पोटाशी धरतात, बाई पोटुशी असते, आणि माणूस हसतो पण पोटभर आणि रडतो पण पोटभर. सापाचे पायसुद्धा आपण पोटातच शोधले. कंजूष असो की कर्जबाजारी, पैसा वाचवायचा तर चिमटा पोटालाच. अक्षरंसुद्धा सुटली नाहीत, शाळेत शहामृगाचा श वेगळा आणि पोटफोड्या ष वेगळा, हे माझ्या पिढीला तरी असंच शिकवलं.

शब्दाचं मूळ पण सांगते, कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे. संस्कृतात पोटाला उदर आहे, जठर आहे, कुक्षी आहे. उदर आपल्याकडे उदरनिर्वाहात राहिलं आणि सहोदर ह्या शब्दात राहिलं, सहोदर म्हणजे एकाच उदरातले, आपण म्हणतो एका पोटचे. कुक्षीची झाली कूस. पण पोट त्या वाटेने आलेलं नाही. प्राकृतात पोट्ट असा शब्द होता, त्याचं पोट झालं, आणि त्याला सरळ संस्कृत मूळ सापडत नाही म्हणून असे शब्द देशी म्हणून वेगळे काढतात. आपल्या शेजाऱ्यांकडे बघा, नवापूर ओलांडून गुजरातेत गेलात की पेट, सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात उतरलात की तिथेही पेट, अलीकडे आपण पोटवाले, मग ते अहिराणीत असो, चोपड्यात असो की पुण्यात. तर हा लोकांच्या घरातला, चुलीजवळचा शब्द आहे, पोथीतला नाही. म्हणून तो आईच्या तोंडी इतका खोल बसतो. ती "क्षमा कर" म्हणाली असती तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

आता वहिनींचा मेसेज. पोटावर पाय देणे म्हणजे कोणाचं रोजीरोटीचं साधन काढून घेणे, आणि पाठीवर मारा पण पोटावर मारू नका ही म्हण त्यातलीच. वहिनींवर लगेच चिडू नका. केळीचं रान म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, खतं, सोसायटीचं कर्ज, आणि मे-जूनमध्ये एक वादळ आलं की निसवलेली, घड आलेली बाग रात्रीतून आडवी. त्या घरातल्या बाईला बहिणीचं नाव सातबाऱ्यावर दिसलं की भीती वाटते, आणि भीती खोटी नसते. फक्त तिने ती चुकीच्या शब्दात टाइप केली. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे म्हणून उद्या सकाळी कोणी केळीचे घड तोडून नेत नाही. भाऊ कसतात ते कसतच राहतील. पोटावर पाय तेव्हा पडला असता जेव्हा तुम्ही उभं पीक अडवलं असतं किंवा कर्जाला आडवं पडून बसला असता. तसं काही तुमच्या डोक्यात नाही हे त्यांना कोणी सांगितलंय का? की सगळेच एकमेकांच्या पोटात काय आहे ते ओळखत बसलेत?

मोठ्या भावाला एक म्हण आठवून द्यायला हरकत नाही, हसत हसत. पोटचा द्यावा पण पाठचा देऊ नये. पाठचा म्हणजे आपल्या पाठीवर जन्मलेलं भावंड, आणि पाठीशी आलेला, आसऱ्याला आलेला माणूस असाही अर्थ लावतात. दोन्ही अर्थांनी तुम्ही त्याची पाठची बहीण आहात. गंमत अशी की ही म्हण आपल्याकडे बहिणींनाच भावासाठी ऐकवतात, भावाला बहिणीसाठी ऐकवलेली मी तरी क्वचितच ऐकली.

आता सातबारा. सरकारी कागदावर पोट आलं की त्याचा अर्थ होतो, मोठ्या वस्तूच्या आतला भाग. पोटकलम, पोटनियम, पोटजात, पोटमाळा, पोटभाडेकरू, सगळे त्याच घरातले. पोटहिस्सा म्हणजे एका गटाच्या आतला वेगळा मोजलेला भाग. पोटखराबा म्हणजे गटाच्या आतलीच पण लागवडीला धरलेली नाही अशी जमीन, नाला, खडक, वाट वगैरे, आणि तिच्यावर शेतसारा बसवलेला नसतो. त्याचे दोन वर्ग असतात. वर्ग अ मध्ये मोजणीच्या वेळी पिकाला निकामी ठरलेली जमीन येते, ती कोणी सुधारून लागवडीखाली आणली तर तशी नोंद बदलून घेता येते. वर्ग ब मध्ये रस्ता, मान्य पायवाट, सार्वजनिक वापराचं पाणी, दफनभूमी असलं येतं आणि ते तुमच्या नावावर असून नसल्यासारखं. नाल्याकडचा तो तुकडा अ मध्ये आहे की ब मध्ये ते तलाठ्याकडे विचारून घ्या, पण खरं सांगू का, तो अ मध्ये निघाला तरी आठ एकरातून नेमके ते पंधरा गुंठे काढून देणं ह्याला वाटा म्हणत नाहीत. भावाने मुद्दाम केलं की त्याला खरंच वाटलं की बहिणीला नावापुरतं काहीतरी असावं, हे तुम्हीच ओळखता.

हक्काचं थोडक्यात. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच मुलासारखी सहहिस्सेदार आहे, लग्न झालेलं असो नसो, आणि वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते ह्याने फरक पडत नाही असं सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. वडिलांनी स्वतः कमावून घेतलेली असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल तर आई, मुलगे आणि मुली सारखे वारस. दोन्हीकडे आई आहे हे लक्षात घ्या. त्या फाइलमध्ये आईच्या सहीची पण जागा होती का ते बघितलंत? बघितलं नसेल तर बघा. जी बाई तुम्हाला पोटात घाल म्हणते तिचं स्वतःचं पोट आज मुलांच्या चुलीवर आहे, तिथे राहून ती दुसरं काय बोलणार होती. आई मला वाईट का सांगेल, ह्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं, ती वाईट सांगत नाहीये, तिला जेवढं बोलता येण्यासारखं होतं तेवढं ती बोलली.

मग करायचं काय? सही करून मोकळं व्हायचं, हा एक रस्ता आहेच आणि तो वाईट असं मी म्हणणार नाही. सासरी बरं चाललंय, भाऊ आईला नीट सांभाळतात, तुम्हाला खरंच नको असेल तर खुशीने सोडा, हजारो बहिणी सोडतात आणि सुखात असतात. फक्त सही केली तरच माहेर राहील ही जी गाठ तुम्ही मनात मारलीय ती जरा सैल करून बघा. माहेर सहीवर चालत असतं तर सही केलेल्या सगळ्या जणींना दर आखाजीला बोलावणं आलं असतं. आणि हे लक्षात ठेवा की हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालं की ते नंतर नको म्हणून फाडता येत नाही, दिवाणी कोर्टात जाऊन फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, म्हणून सणाच्या दिवशी जेवणानंतर सुस्ती आलेली असताना हा कागद वाचू पण नये.

दुसरा रस्ता मला तुमच्यासाठी जास्त बरा वाटतो. नाव राहू द्यायचं, कसायचं भावांनी, आणि वर्षाकाठी काय द्यायचं घ्यायचं ते एकदा बसून ठरवायचं, पैशात नको असेल तर आईच्या औषधपाण्यात, तुमच्या मुलीच्या शिक्षणात, कशातही, पण बोलून आणि लिहून. कर्जाच्या कागदांना सह्या लागतील तेव्हा कोणतं कर्ज, किती, फेडणार कोण एवढं वाचून द्यायच्या, त्यांची भीती तिथेच आहे. तिसरं म्हणजे सरळ वाटणी. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होतं, मग मोजणी, मग तुमचा पोटहिस्सा वेगळा. हे स्वच्छ आहे पण विहीर एक, बोअर एक, रस्ता एक असला की आठ एकराचे तुकडे कोणालाच परवडत नाहीत, हे भाऊ म्हणत असतील तर ते खोटं बोलत नाहीत. आणि कोर्टात वाटपाचा दावा, तो सगळ्यात शेवटी, बोलणंच बंद झालं तर.

भावांशी बोलायला आधी धाकट्याला धरू नका, मोठ्याकडेच जा, फोनवर नाही, घरी, आणि मुलीला घेऊन जाऊ नका कारण ती बरोबर बोलेल आणि त्यानेच बिघडेल. म्हणा की त्या दिवशी न सांगता फाइल काढली ते मला लागलं, पण ते मी पोटात घातलं, विषय संपला, आता जमिनीचं आपण सगळे आईला मधे बसवून बोलू. हे अहिराणीतच बोला. प्रमाण मराठीत ते वकिलाच्या नोटिशीसारखं ऐकू येईल. तो चिडेल, एकदोन दिवस रुसेल पण, रुसू द्या. वहिनींना मेसेजवर उत्तर देऊ नका, त्यांच्याशी चुलीपाशी बसून बोला, त्यांचं कर्ज किती आहे ते विचारा. मला वाटतं ते कोणी अजून विचारलेलंच नाही.

अशाच अडचणीत असलेल्या बाकीच्यांसाठी पण दोन गोष्टी, कारण आखाजी आणि दिवाळीनंतर ह्या विषयावरची पत्रं हमखास वाढतात. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७ च्या कायद्याने, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन फक्त कागद वाचून घ्यायला पण लाज वाटू देऊ नका. आणि सही दिल्यावर आईला कोण बघणार ही भीती असेल तर पोटातून निघालेला अजून एक शब्द आहे, पोटगी. ती फक्त नवऱ्याकडून मिळते असं लोकांना वाटतं. आईवडिलांना पोटच्या पोरांकडूनही निर्वाहाचा खर्च मागता येतो, २००७ च्या कायद्यात त्यासाठी प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करतात, मुलं आणि मुली दोघांचीही ती जबाबदारी आहे. मुलींचीही, ताई, हे पण लक्षात असू द्या, हिस्सा मागताना आईचा हिशोब आपल्या बाजूला पण येतो.

ह्या आठवड्यात एवढं करा. सगळ्या गटांचे सातबारे आणि आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, काढून ठेवा, ऑनलाइन मिळतात, मुलगी काढून देईल. वडिलांच्या नंतरचा वारसाचा फेरफार, म्हणजे वारसांची नावं लावल्याची नोंद, बघा, त्यात आईचं आणि तुमचं नाव आहे का. नसलं तर घाबरू नका, सातबारा ही महसुली नोंद आहे, नाव नाही म्हणून हक्क जात नाही, पण नोंद दुरुस्त करायला लगेच अर्ज द्या. आणि तलाठ्याकडून नवीन फेरफाराची नोटीस घरी आली तर ती उघडून तारीख वाचा, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ते भावाच्या फोनची वाट बघण्यात घालवू नका.